नसलेल्या तळ्याला प्रदक्षिणा

हार्लेमरमेर या डच नावातल्या ‘मेर’चा अर्थ तळं. प्रत्यक्षात तिथे तळं नाही. गहू, बटाटा आणि बीट यांची शेतं आहेत, हूफ्डडॉर्प नावाचं मोठं गाव आहे, आणि जिथे अर्धं जग विमान बदलतं तो स्खिपोल विमानतळ आहे. हे सगळं समुद्रसपाटीच्या तीन-चार मीटर खाली, जुन्या तळ्याच्या तळाशी. तळं 1852 साली उपसून संपवलं; त्याच्याभोवती खणलेला सुमारे 60 किलोमीटर लांबीचा कालवा मात्र शिल्लक आहे. त्याला रिंगफार्ट म्हणतात. डच भाषेत ‘फार्ट’ म्हणजे जलमार्ग. इंग्रजी माध्यमातली मुलं बरोबर असतील तर फेरीचा पहिला किलोमीटर हे समजावण्यात जातो. कालव्याच्या आतल्या अंगाला बांध आहे, बांधावर डांबरी रस्ता आहे, आणि उन्हाळ्यातल्या कुठल्याही रविवारी त्या रस्त्यावर सायकलस्वारांची रांग लागलेली असते. रमतगमत तीन-साडेतीन तासांत होणारी ही फेरी म्हणजे नसलेल्या तळ्याला घातलेली प्रदक्षिणा.

मराठी वाचकाला इथे ‘कालवा’ हा शब्द उलटा करून घ्यावा लागतो. आपल्याकडचा कालवा धरणातून निघतो, शेताकडे जातो, वाटेत झिरपतो, आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचतो तेव्हा त्यात बहुतेक आश्वासनंच उरलेली असतात. रिंगफार्टचं काम शेतातलं पाणी बाहेर नेण्याचं. पाऊस शेतात पडतो, चरात उतरतो, चरातून मोठ्या चरात जातो, तिथून पंपानं वर कालव्यात चढवला जातो आणि पुढे समुद्राकडे रवाना होतो. आवर्तन कधी सुटणार, असं इथे कोणी विचारत नाही. पंप चालू आहे ना, एवढंच विचारतात, तेही क्वचित, कारण तो चालूच असतो.

बांधावर सायकल थांबवून दोन्हीकडे पाहिलं की भूगोलाचं पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. एका बाजूला कालव्याचं पाणी जवळपास रस्त्याच्या बरोबरीनं असतं आणि त्यातून एखादी शिडाची नाव शांतपणे सरकत असते. दुसऱ्या बाजूला जमीन पार खाली गेलेली असते. बांधाच्या पायथ्याच्या घराची कौलं हँडलच्या उंचीला येतात आणि त्या घरातल्या बाई परसात कपडे वाळत घालताना वरून दिसतात. म्हणजे नाव वर, घर खाली, आणि मधे सायकलवाला. ‘बांध फुटला तर?’ हा प्रश्न पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले आजोबा याच जागी विचारतात. हूफ्डडॉर्प आणि शेजारच्या आम्स्टलफेनमध्ये भारतीय संगणक अभियंत्यांची वस्ती बरीच असल्यामुळे बांधाला या प्रश्नाची आता सवय झाली असावी.

हे तळं निसर्गानं केलं असं म्हणणं निसर्गावर अन्याय करणारं आहे. या भागात पीटची जमीन होती. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं कुजत पडलेल्या वनस्पतींचा काळा थर. कापून वाळवला की गोवरीसारखा जळतो. डच लोकांनी तो कापला, वाळवला आणि चुलीत घातला. जमीन निघून गेली त्या खड्ड्यात पाणी आलं, वाऱ्यानं लाटा उठल्या, लाटांनी काठ खाल्ले, आणि जवळजवळची चार तळी एकमेकांत मिसळून एकच अक्राळविक्राळ तळं झालं. त्याला लोक ‘पाणलांडगा’ म्हणू लागले. आधी जमीन जाळून तळं केलं आणि मग तळं उपसून जमीन केली, असा या प्रदेशाचा थोडक्यात इतिहास आहे. मधली दोनशे वर्षं चर्चेत गेली.

चर्चेची सुरुवात दणक्यात झाली होती. आजच्या डचमध्ये ज्याच्या आडनावाचा अर्थ ‘रिकामं पाणी’ असा होतो त्या यान आद्रियानझोन लेखवाटरनं 1641 साली पुस्तकच काढलं: 160 पवनचक्क्या लावा, तळं कोरडं होईल. पुढे 18व्या शतकात क्रूकियस नावाच्या गृहस्थांनी योजना मांडली, 19व्यात फान लाइन्डेन यांनी मांडली. प्रत्येक योजना वाचली गेली, वाखाणली गेली आणि ठेवून दिली गेली. मासेमारीवाले, होडीवाले आणि तळ्यावरच्या वाहतुकीचा कर खाणारी शहरं यांना तळं हवंच होतं. अखेर निर्णय वाऱ्यानं लावला. 1836 च्या नोव्हेंबरात नैर्ऋत्येकडून वादळ आलं आणि तळ्याचं पाणी अॅमस्टरडॅमच्या वेशीशी जाऊन उभं राहिलं. नाताळात उलट दिशेचं वादळ आलं आणि लायडनमध्ये पाणी शिरलं. एका महिन्यात दोन्ही शहरांचे पाय भिजल्यावर चर्चेला वेग आला. 1839 मध्ये कायदा झाला, 1840 मध्ये कालवा खणायला घेतला, आणि तीन प्रचंड वाफेचे पंप बसवले. पंपांना नावं दिली लेखवाटर, क्रूकियस आणि लाइन्डेन. फाइलबंद झालेल्या योजनांच्या लेखकांचा असा सन्मान सरकारी इतिहासात विरळा.

किती पाणी उपसलं, हे सांगायला डच पुस्तकं 80 कोटी घनमीटर असा आकडा देतात आणि तो वाचून कोणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही. पुणेकरासाठी तो टीएमसीत मांडला की लगेच प्रकाश पडतो: सुमारे 28 टीएमसी. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तर 29 टीएमसीच्या आसपास भरतात. म्हणजे पुण्याचं वर्षभराचं पाणी, ज्याच्यावरून ऑगस्टपर्यंत वर्तमानपत्रांत रोज चौकट येते, तेवढं पाणी या लोकांनी तीन-साडेतीन वर्षं रात्रंदिवस पंप चालवून बाहेर टाकलं. हा हिशेब बांधावर ऐकवला की आजोबा काही वेळ बोलत नाहीत.

प्रदक्षिणा कुठल्या दिशेनं घालायची, यावर दोन पंथ आहेत. देवळाच्या रीतीनं, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गेलं तर नसलेलं तळं उजव्या हाताला राहतं. हे शास्त्राला धरून असलं तरी नेदरलँड्समध्ये वाहनं उजवीकडून चालत असल्यामुळे सायकल शेताच्या कडेनं जाते आणि पाणी रस्त्यापलीकडे राहतं. उलट दिशेनं गेलं तर पाणी अगदी चाकाशी येतं, पण प्रदक्षिणा अपसव्य होते. प्रस्तुत वर्णन शास्त्रोक्त दिशेनं, पश्चिमेच्या क्रूकियस पंपापासून सुरू होतं. याला आणखी एक कारण आहे आणि ते वाऱ्याशी संबंधित आहे.

सपाट प्रदेशातली सायकल सोपी असते, हा समज डोंगराळ भागातल्या लोकांनी पसरवला आहे. नेदरलँड्समध्ये चढ नाही हे खरं. पुलांचे उंचवटे सोडले तर 60 किलोमीटरमध्ये गिअर बदलायचं कारण मिळत नाही, आणि घाटाची हौस असलेले डच सायकलपटू एकाच पुलावरून पंधरा वेळा जाऊन ती भागवतात. चढाची जागा वारा घेतो. घाटाला माथा असतो, माथ्यानंतर उतार असतो, माथ्यावर चहाची टपरी असते. वाऱ्याला यातलं काही नाही. इथे तो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो आणि अडवायला वाटेत काही नसल्यानं उत्तर समुद्रावरून निघाला की थेट छातीवर येऊन थांबतो.

गोल फेरीत वारा निम्मा वेळ समोरून आणि निम्मा वेळ मागून असणार, मग तक्रार कशाची, असं घरी बसलेली माणसं विचारतात. इथे गणित सायकलस्वाराच्या बाजूनं आहे. वारा नसताना ताशी 20 किलोमीटरनं जाणाऱ्याला 60 किलोमीटरला तीन तास लागतात. समजा वाऱ्यानं वेग एका बाजूला पाचनं वाढवला आणि दुसऱ्या बाजूला पाचनं घटवला. मागच्या वाऱ्याचे 30 किलोमीटर 25 च्या वेगानं एक तास 12 मिनिटांत संपतात, समोरच्या वाऱ्याच्या 30 ला 15 च्या वेगानं पूर्ण दोन तास लागतात. एकूण तीन तास 12 मिनिटं, आणि त्यातले दोन तास वारा समोरूनच. म्हणजे ‘जास्त वेळ वारा तोंडावरच होता’ हे रडगाणं नसून त्रैराशिक आहे. प्रत्यक्षात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्यामुळे हिशेब याहूनही वाईट निघतो, पण तो सोडवायला पायांत त्राण उरत नाही. डच लोकांनी या दुखण्याची राष्ट्रीय स्पर्धा करून टाकली आहे. 2013 पासून झेलंड प्रांतातल्या ओस्टरस्खेल्डे बंधाऱ्यावर साडेआठ किलोमीटरची ‘समोरच्या वाऱ्याची’ अजिंक्यपद शर्यत होते. सायकल साधी, ताठ बसायची, बिनगिअरची. तारीख आधी ठरत नाही. जोरदार वादळाचा अंदाज आला की दोन-तीन दिवस आधी जाहीर करतात, म्हणजे बाकीचं जग घराची दारं लावून घेतं तेव्हा स्पर्धक नाव नोंदवत असतात.

मागून येणाऱ्या वाऱ्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. तो वारा नसतोच. ती मांड्यांची ताकद असते. क्रूकियसहून ईशान्येला निघालेला स्वार फायफूइझेनपर्यंतचे किलोमीटर असे काही कापतो की आपण तरुणपणी शर्यतीत उतरायला हवं होतं, असं त्याला वाटू लागतं. तेवढ्यात हाल्फवेख हे गाव लागतं. नावाचा अर्थ ‘अर्धी वाट’. पाटी वाचून हुरळलेला माणूस घड्याळ पाहतो आणि अजून तासही झाला नाही हे पाहून स्वतःच्या पाठीवर थाप मारतो. ही अर्धी वाट हार्लेम ते अॅमस्टरडॅम या रस्त्याची आहे. प्रदक्षिणेची पाव वाटसुद्धा अजून नीट झालेली नसते.

या टप्प्यात डोक्यावरून विमानं जातात. स्खिपोलची सर्वांत दूरची धावपट्टी 2003 मध्ये इथल्या शेतांत झाली. तिच्यावर उतरलेलं विमान टर्मिनलपर्यंत इतका वेळ चालत राहतं की रस्त्यानं सोडतायत की काय, अशी आतल्या प्रवाशांना शंका येते. धावपट्टीच्या घरघराटानं आसपासचे लोक हैराण झाले तेव्हा एक गंमत लक्षात आली: शेतं नांगरलेली असली की आवाज कमी येतो. म्हणून शेजारच्या मोकळ्या जागेत माणसाच्या उंचीचे वरंबे घालून एक बाग केली आहे. आवाजाची लाट वरंब्यांवर फुटते आणि लोक मधल्या सरींतून फिरायला जातात. विमानाला नांगरानं गप्प करणारा हा बहुधा जगातला एकमेव विमानतळ. ‘स्खिपोल’ नावाचा संबंध बुडालेल्या जहाजांशी जोडणारी एक लोककथा आहे. भाषापंडित तिच्यावर नाक मुरडतात, पण खिडकीतून तळ्याचा तळ दिसत असताना ती प्रवाशांना सांगायला छान वाटते.

सायकलींविषयी स्वतंत्र लिहिणं भाग आहे. या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त. सुमारे एक कोटी ऐंशी लाख माणसांमागे दोन कोटींवर सायकली. बांधावर त्यांच्या तीन जाती दिसतात. पहिली ‘ओमाफिट्स’, शब्दशः आजीची सायकल. काळी, उंच, वजनदार, ताठ बसवणारी, कॅरियरवर एक माणूस सहज मावेल अशी. हिच्यावर हेल्मेट कोणी घालत नाही. दुसरी शर्यतीची सायकल. तिच्यावर चाळिशी-पन्नाशीचे गृहस्थ अंगाला चिकटणारे रंगीत कपडे घालून दहा-दहाच्या घोळक्यानं जातात. त्यांच्या सायकलचं वजन आठ किलोच्या आत आणावं म्हणून त्यांनी हजारो युरो खर्चलेले असतात, आणि पोटावरचे दहा किलो फुकट असल्यामुळे राहू दिलेले असतात. तिसरी विजेवर चालणारी. हिनं पहिल्या दोन्हींच्या अभिमानाची वाट लावली. अलीकडे विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींत निम्म्याच्या आसपास विजेच्या असतात. समोरच्या वाऱ्यात तोंडाला फेस येऊन रखडणाऱ्या रंगीत गृहस्थांच्या बाजूनं सत्तरीच्या बाई, पुढच्या टोपलीत फुलं, मागे कुत्रा, ताठ मानेनं ‘खुये मॉर्खन’ म्हणत पुढे निघून जातात, तेव्हा त्या घोळक्यात काही क्षण कोणी कोणाशी बोलत नाही.

आजोबांच्या वाट्याला ओमाफिट्स येते. पुणं सायकलींचं शहर होतं त्या काळात त्यांनी कोथरूड ते कॅम्प रोज केलेलं असतं, त्यामुळे शिकवण्याची गरज नसते. अडचण एकच. जुन्या सवयीनं उतारावर किंवा विसाव्याला पॅडल उलटं फिरवायचं, चेनचा किर्र आवाज ऐकायचा आणि पुढे सरकायचं. ओमाफिट्सला हँडलवर बऱ्याचदा ब्रेक नसतो. पॅडल उलटं मारलं की मागच्या चाकाचा ब्रेक लागतो. आजोबा मजेत उलटं पॅडल मारतात आणि सायकल जागच्या जागी थांबते. मागून फुलांच्या टोपलीवाल्या बाई येत असतात. दोघांमध्ये जी देवाणघेवाण होते तिच्यात भाषेचा अडसर येत नाही.

रस्ता शोधायला नकाशा लागत नाही, आकडे पुरतात. दर काही किलोमीटरवर हिरव्या-पांढऱ्या फलकावर एक आकडा असतो आणि पुढच्या आकड्यांकडे जाणारे बाण. खाणींमध्ये अभियंता म्हणून काम केलेल्या हुगो बोलेन या बेल्जियन माणसाची ही कल्पना. तिथल्या लिंबुर्ख प्रांतात 1995 मध्ये पहिलं जाळं उभं राहिलं आणि मग सगळ्या नेदरलँड्सभर पसरलं. माणूस घरून निघताना समजा 34, 57, 12, 80 अशी चिठ्ठी लिहून हँडलला चिकटवतो, आणि आलेल्या पाहुण्यांना त्या घरात मटका खेळतात असा संशय येतो. आकडे दोनअंकी असल्यामुळे ते पुन्हा पुन्हा वापरावे लागतात. चुकलेला माणूस घरी फोन करून ‘मी 57 वर आहे’ असं सांगतो तेव्हा ते कुठलं 57, हे त्यालाही माहीत नसतं. रिंगफार्टवर खरं तर आकड्यांचीही गरज नाही. पाणी एका हाताला ठेवायचं, बस्स. तरी लोक चुकतात, कारण केक पलीकडच्या गावात असतो.

हा केक म्हणजे सफरचंदाचा, जाड सालीचा, दालचिनीचा, वर साय फेटून घातलेला. कॉफीबरोबर तो घेतल्याशिवाय डच सायकलफेरी अधिकृत होत नाही. पूर्वेकडे आल्समेर येतं तेव्हा पहिलं दुकान दिसतं. आल्समेर म्हणजे फुलांचा बाजार. तिथलं लिलावगृह जगातल्या सर्वांत विस्तीर्ण इमारतींमध्ये मोडतं. गावाला लागून वेस्टआइंडर हे तळं आहे, तेही पीट कापूनच झालेलं, पण हे उपसायचं राहून गेलं. त्यातल्या चिंचोळ्या बेटांवर लायलॅकची झुडपं वाढवतात आणि हिवाळ्यात मुळांच्या गड्ड्यासकट उपटून होडीतून काचघरात नेतात, म्हणजे ती उन्हाळा आला असं समजून फुलतात. तळ्याच्या काठावर पाण्याची उंच टाकी आहे. तळ्याकाठी पाण्याची टाकी कशाला, असा प्रश्न आजोबांबरोबर आलेल्या आजी विचारतात आणि तो अगदीच वेडगळ नाही.

आल्समेरपासून रस्ता नैर्ऋत्येला वळतो आणि मांड्यांची ताकद एकाएकी संपते. तळी इथेच आहेत, केक इथेच आहे, आणि वाराही इथेच तोंडावर आहे. काठावर बसलेल्या गळवाल्यांचा त्रासही इथेच. डच गळाची काठी कित्येक मीटर लांब, सांधे जोडलेली. मासा लागला की ती गुंडाळत नाहीत, सरळ मागे सारतात. मागे सायकलरस्ता असतो. घंटी वाजवली तर मासा पळतो म्हणून गळवाला रागावतो, न वाजवली तर काठी चाकात जाते. मे महिन्यात यात पिल्लंवाल्या हंसांची भर पडते. रस्त्याच्या मधोमध उभा राहून फुत्कारणाऱ्या नर हंसाला वाहतुकीचे नियम लागू होत नाहीत, हे रंगीत कपड्यांचा घोळकासुद्धा जाणतो.

पलीकडे जायचं तर पूल लागतो, आणि पूल उघडतो. लाल दिवा लागतो, टण टण घंटा वाजते, आडवी दांडी खाली येते, आणि डांबरी रस्ता पांढऱ्या पट्ट्यांसकट सावकाश आकाशाकडे उभा राहतो. दोन्हीकडे मोटारी, ट्रक, चाळीसेक सायकली. मधून एक नाव येते. तिच्यावर एक गृहस्थ, एका हातात सुकाणू, दुसऱ्या हातात कॉफीचा कप. तो घाई करत नाही. घाई केली तर डोलकाठी असण्याला अर्थ काय? रिंगफार्टचा हा भाग डोलकाठी न उतरवता देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्याच्या जलमार्गात येतो, त्यामुळे मान नावेचा. पूर्वी काही पुलांवर रखवालदार काठीला दोरीनं लाकडी बूट बांधून नावेवर सोडत आणि नाववाला त्यात टोलाचं नाणं टाकी. आता बहुतेक पूल दुरून कॅमेऱ्यावर पाहून उघडतात. पुलाशी थांबलेल्यांना निदान रागावायला समोर माणूस असे, तोही गेला.

पुढे दोन चमत्कार जवळजवळ आहेत. पहिल्यात चार क्रमांकाचा महामार्ग कालव्याच्या खालून जातो. 1961 पासून तिथे मोटारींच्या टपांवरून नावा जातात आणि बांधावरून सायकलवाला दोघांकडे पाहतो. दुसऱ्यात 44 क्रमांकाचा महामार्ग कालव्याच्या वरून जातो, पण तो पूल उघडणारा आहे. एका शिडाच्या नावेसाठी महामार्ग थांबवणारा देश, असं याचं कौतुक करता येतं. थांबलेल्या मोटारीत बसून ते करणं कठीण जातं.

दोन्हींच्या मधे काखची तळी आहेत. नाव ‘काग’ असं लिहितात, पण डच ‘ग’ घशातून येत असल्यामुळे उच्चार थेट ‘काख’ होतो. काख हे बेटावरचं गाव, छोट्या तरीतून सायकलीसकट पलीकडे जाता येतं. अलीकडचं बाउटनकाख, म्हणजे काखेबाहेर. लेखवाटर पंप इथेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण जगाच्या पाठीवर कुठे अक्षरशः घडत असेल तर ती इथे: पाणी काखेत, आणि सायकलवाले हजारोंनी गावाला वळसा घालतायत.

लिस आणि हिलेखोमच्या टप्प्यात वारा पुन्हा पाठीशी येतो, पण एप्रिलमध्ये त्याचा उपयोग होत नाही, कारण रस्ता भाड्याच्या सायकलींनी भरलेला असतो. ही ट्यूलिपची शेतं. लिसमधल्या कॉयकेनहोफ बागेत दर वर्षी सुमारे 70 लाख कंद लावतात आणि बाग जेमतेम आठ आठवडे उघडी असते. 1981 च्या ‘सिलसिला’तलं ट्यूलिपचं गाणं तिथे चित्रित झालं, तेव्हापासून भारतीय पाहुण्यांची एक ठरलेली मुद्रा त्या वाफ्यांत उमटते. शेतकऱ्याला मात्र फुलात रस नाही. तो कंद विकतो. फूल पुरतं उमललं आणि रोग नाही याची खात्री झाली, की यंत्र फिरवून सगळी डोकी उडवतो, म्हणजे जोर कंदाला जातो. सात हजार किलोमीटर उडून आलेला माणूस फोनचा कॅमेरा काढेपर्यंत लाल शेत हिरवं झालेलं असतं. नाशिककडचा कांदेवाला असेल तर त्याला यात काहीच चूक दिसत नाही.

शेवटी क्रूकियसचा पंप पुन्हा दिसतो. गोल बुरूज, खिडक्यांना किल्ल्यासारखे साज, आणि भिंतींबाहेर आलेले आठ लोखंडी हात. आतलं वाफेचं इंजिन इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये घडवलं. त्याचा सिलिंडर 3.66 मीटर व्यासाचा, जगात याहून मोठा झाला नाही. एका दमात आठही पंप मिळून 64 हजार लिटर, मिनिटाला पाच दम. 1933 पर्यंत ते चाललं; आता तिथे संग्रहालय आहे आणि केकही आहे. पाणी उपसण्याचं काम नव्या पंपांकडे गेलं, देखरेख मात्र जुनीच आहे: रायनलंड नावाचं पाणीमंडळ 13व्या शतकापासून या भागाचं पाणी सांभाळतं, त्याच्या वेगळ्या निवडणुका होतात आणि त्याचा वेगळा कर भरावा लागतो.

फेरीत एकदा तरी पाऊस लागतोच, त्यामुळे पंपाशी पोचलेला स्वार शर्ट काढून पिळतो. इथे जागा निवडून पिळावं. आतल्या अंगाला, शेताकडे पिळलं तर ते पाणी चरात उतरतं, पंपापर्यंत जातं, पाचेक मीटर वर चढवून रिंगफार्टमध्ये टाकावं लागतं आणि तिथून दुसऱ्या पंपांनी समुद्रात. बाहेरच्या अंगाला, कालव्यात पिळलं तर यातला एक टप्पा वाचतो. आजोबा हे लक्षात ठेवून बाहेरच्या अंगाला पिळतात. वारा नैर्ऋत्येचा असल्यामुळे ते आतच जाऊन पडतं.